विश्लेषण : अँटेना जुळवताना लागणारा ‘इम्पिडन्स’ शब्द कोणी दिला? कोण होते ऑलिव्हर हेव्हिसाइड?

हॅम रेडिओचे हौशी चालक गच्चीवर तार ताणून स्वतःच अँटेना बनवतात. मात्र केबल आणि अँटेना यांचा इम्पिडन्स जुळला नाही, तर सिग्नलची शक्ती हवेत जाण्याऐवजी केबलमधून मागे फिरते. हा शब्द १८८६ मध्ये रूढ केला ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी. शाळा १६व्या वर्षीच सुटलेल्या या संशोधकाला त्याच्या कामाचे फारसे पैसे मात्र मिळाले नाहीत.

नोकरी का सोडली?

हेव्हिसाइड यांचा जन्म १८ मे १८५० रोजी लंडनमध्ये झाला. लहानपणी झालेल्या स्कार्लेट फीव्हरमुळे त्यांना कमी ऐकू येई. तारयंत्राचे जाणकार चार्ल्स व्हीटस्टन हे त्यांचे नातेवाईक. १८व्या वर्षी ते तार कंपनीत लागले. १८७४ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि पुन्हा कधीच केली नाही. आई-वडिलांच्या घरी बसून त्यांनी मॅक्सवेल यांचा विद्युतचुंबकत्वावरील ग्रंथ स्वतःच अभ्यासला. पुढे मॅक्सवेल यांचे किचकट सिद्धान्त त्यांनी आज शिकवल्या जाणाऱ्या चार समीकरणांत बसवले.

इम्पिडन्स म्हणजे काय?

एसी प्रवाहाला होणारा एकूण विरोध म्हणजे इम्पिडन्स. तो ओममध्ये मोजतात. लांब तारेत सिग्नल लाटेसारखा धावतो, हे हेव्हिसाइड यांनी गणिताने मांडले. तारेच्या टोकाला तिच्याइतकाच इम्पिडन्स असेल, तर लाट परतत नाही.

हॅम चालकाचे गणित हेच आहे. केबल ५० ओमची आणि डायपोल अँटेना सुमारे ७३ ओमचा असेल, तर जेमतेम साडेतीन टक्के शक्ती परतते. पण टोकाकडून जोडलेल्या अर्धतरंग तारेचा इम्पिडन्स सुमारे २,४५० ओम असेल, तर ९२ टक्के परतते. म्हणून मध्ये ४९:१ ट्रान्सफॉर्मर लावतात.

वाद कशावरून झाला?

तारेत इंडक्टन्स वाढवला तर टेलिफोनचा आवाज विकृत न होता दूर जाईल, असे हेव्हिसाइड यांनी १८८७ मध्ये दाखवले. ब्रिटिश टपाल खात्याचे विल्यम प्रीस यांचे मत नेमके उलट होते. त्यांनी हा शोधनिबंध रोखला. हेव्हिसाइड यांनी पेटंटही घेतले नाही. पुढे अमेरिकेत याच तत्त्वावरील कॉइलचे पेटंट मायकेल प्युपिन यांना मिळाले आणि ते श्रीमंत झाले.

शेवट कसा झाला?

१८९१ मध्ये हेव्हिसाइड रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १८९६ पासून वर्षाला १२० पौंड सरकारी पेन्शन मिळू लागली. रेडिओलहरी परतवणारा थर आकाशात असावा, हा अंदाज त्यांनी १९०२ मध्ये वर्तवला. १९२२ मध्ये पहिले फॅरडे पदक त्यांना मिळाले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी टॉर्की येथे त्यांचे निधन झाले.

घरगुती अँटेनाचा सिग्नल आज समुद्रापार पोहोचतो, तेव्हा त्यामागे दोन गोष्टी असतात : जुळलेला इम्पिडन्स आणि आकाशातला तो थर. दोन्हींशी हेव्हिसाइड यांचे नाव जोडलेले आहे.