जॉर्ज हेल : चार वेळा जगातली सर्वात मोठी दुर्बीण उभारणारा माणूस

रात्री फोनवर ताऱ्यांचा फोटो काढून पाहिलाय का? बहुतेक वेळा काळाच येतो, कारण छोट्याशा लेन्समधून प्रकाश फारच कमी आत जातो. नाइट मोड जास्त वेळ प्रकाश गोळा करतो. दुर्बिणीकडे आणखी एक उपाय असतो : मोठा आरसा. त्यासाठी आयुष्य खर्ची घातलं जॉर्ज एलरी हेल यांनी.

त्यांचा जन्म १८६८ साली शिकागोत झाला. वडिलांचा लिफ्टचा धंदा होता. १८९७ मध्ये हेल यांनी यर्कीज वेधशाळेत ४० इंची दुर्बीण उभी केली. पण ती भिंगाची होती. भिंग फक्त कडेनं धरता येतं, म्हणून फार मोठं केलं की स्वतःच्याच वजनानं वाकतं. आरशाला मात्र मागून आधार देता येतो.

१९०४ मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर गेले. उंची सुमारे १,७४० मीटर, हवा शांत, त्यामुळे तारे कमी थरथरतात. १९०८ मध्ये तिथे ६० इंची दुर्बीण सुरू झाली. तिच्या आरशाची काच वडिलांनीच दिली होती. त्याच वर्षी हेल यांनी सूर्यावरच्या डागांत चुंबकीय क्षेत्र असल्याचं दाखवलं.

मग १९१७ मध्ये १०० इंची. पहिल्याच रात्री गुरू ग्रहाच्या एकावर एक अनेक प्रतिमा दिसल्या! इतक्या वर्षांची मेहनत वाया गेली की काय? दिवसा घुमट उघडा राहिल्यानं आरसा तापला असावा, असा अंदाज होता. पहाटेपर्यंत वाट पाहिली, आरसा थंड झाला आणि अभिजित तारा स्वच्छ दिसला. पुढे याच दुर्बिणीतून एडविन हबल यांनी आपल्या आकाशगंगेबाहेरही दीर्घिका असल्याचं सिद्ध केलं.

हेल यांना मात्र मानसिक आजारानं गाठलं होतं. १९२३ मध्ये त्यांनी संचालकपद सोडलं, पण स्वप्न नाही. १९२८ मध्ये २०० इंची दुर्बिणीसाठी ६० लाख डॉलर मिळवले. आरसा १०० इंचीच्या दुप्पट रुंद, म्हणजे प्रकाश चौपट! यावेळी काच पायरेक्सची होती, कारण ती तापल्यावर फारच कमी प्रसरण पावते.

१९३८ मध्ये हेल गेले. पालोमार पर्वतावरची ती दुर्बीण १९४८ मध्ये तयार झाली आणि तिला त्यांचंच नाव दिलं गेलं. तिच्यातून आकाश पाहणं मात्र त्यांच्या नशिबी नव्हतं.