तळणीत टिपलेला सूर्याचा झोत

नागपूरहून भुसावळकडे जाताना पुलगाव सोडले की तळणी हे छोटे स्थानक लागते. सौर वादळांच्या अभ्यासात महत्त्वाचे ठरलेले एक छायाचित्र 22 जानेवारी 1898 रोजी इथेच निघाले. ते काढले ॲनी माँडर यांनी.

आयर्लंडमध्ये 1868 साली जन्मलेल्या ॲनी 1891 पासून ग्रीनिच वेधशाळेत महिना 4 पौंडांवर सूर्याचे फोटो काढत, डाग मोजत. 1895 मध्ये तिथलेच वॉल्टर माँडर यांच्याशी लग्न झाले आणि विवाहित स्त्री म्हणून नोकरी गेली. काम सुटले नाही, पगार तेवढा थांबला.

खग्रास ग्रहणासाठी दोघे तळणीला आले. ॲनींकडे दीड इंची भिंगाचा स्वतःचा कॅमेरा होता. त्यात प्रभामंडळातून लाखो किलोमीटर बाहेर गेलेला झोत उमटला. इतका लांब झोत तोवर कुणाच्या काचेवर आला नव्हता.

पुढे वॉल्टर यांनी दाखवले, की पृथ्वीवरील चुंबकीय वादळे साधारण 27 दिवसांनी, म्हणजे सूर्याच्या एका फेरीनंतर, पुन्हा येतात. अर्थात सूर्यावरून अरुंद झोत सुटत असावेत. सौरडागांचा प्रसिद्ध फुलपाखरू आलेख दोघांनी मिळून केला. 1904 च्या निबंधावर नाव मात्र एकट्या वॉल्टर यांचे.

रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने 1892 मध्ये नाकारलेले सदस्यत्व ॲनींना 1916 मध्ये मिळाले. 1947 मध्ये त्यांचे निधन झाले. तेच प्रभामंडळ आता आदित्य-एल1 कृत्रिम ग्रहण घडवून रोज टिपते.