नौकाशिल्पी अर्देशिर वाडिया

नांदेड जिल्ह्यातील किनवटच्या रानात सागाची झाडे उंच वाढतात. मराठवाड्यातील जुन्या वाड्यांत शिरले, की त्याच सागाचे खांब आणि तुळया दृष्टीस पडतात. अनेक पावसाळे गेले, तरी ते लाकूड सहसा कुजत नाही, कारण त्याच्या अंगी नैसर्गिक तेल असते. वाळवी त्याच्या वाटेला फारशी जात नाही. त्यात ठोकलेला लोखंडी खिळाही लवकर गंजत नाही. गोदावरीच्या काठच्या माणसाने या लाकडावर घर उभारले. मुंबईच्या समुद्रकाठी मात्र एका घराण्याने त्याच जातीच्या लाकडातून मोठमोठी जहाजे घडविली. ते घराणे म्हणजे वाडिया. वाडिया या शब्दाचा अर्थच मुळी जहाजे बांधणारा सुतार असा आहे.

या घराण्यातील लवजी नसरवानजी हे 1736 साली सुरतेहून मुंबईस आले व तेथील गोदीच्या उभारणीत त्यांनी मोठा वाटा उचलला. त्यांच्यामागून मुलगे, नातू व पणतू यांनी हेच काम हाती घेतले. मलबारचा साग समुद्रमार्गे गोदीत येई. कसबी सुतार तो तासून एका फळीची कड दुसरीच्या खाचेत इतकी घट्ट बसवीत, की पाण्याला आत वाट मिळत नसे. इंग्रजी आरमारही आपली जहाजे येथे बांधवून घेई. 1817 साली मुंबईस बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल या गावी आजही पाण्यावर तरंगत आहे. त्या कारागिरीची याहून मोठी साक्ष कोणती असणार?

अशा घराण्यात 6 ऑक्टोबर 1808 रोजी अर्देशिर खरशेदजी यांचा जन्म झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी, 1822 साली, ते गोदीत काम शिकू लागले. रंधा, करवत आणि वाकस ही त्यांची पहिली पुस्तके होत. परंतु त्यांचे मन एवढ्यावर समाधान मानणारे नव्हते. विलायतेत वाफेच्या बळावर यंत्रे चालू लागली होती आणि शिडांवाचून जहाजे पाणी कापू लागली होती. सागवानी जहाजांच्या कीर्तीवर विसंबून राहिलो, तर आपली गोदी मागे पडेल, हे या तरुणाने ओळखले. वडिलांचा धंदा टाकून न देता त्याला नवे बळ द्यावे, असे त्यांनी ठरविले. प्रथम त्यांनी एक अश्वशक्तीचे लहानसे बाष्पयंत्र स्वतःच्या हातांनी तयार केले. पुढे 1833 साली त्यांनी ‘इंडस’ नावाचे लहान जहाज बांधले व त्यावर इंग्लंडहून मागविलेले यंत्र बसविले. दुसऱ्याच वर्षी माझगाव येथील आपला बंगला व बाग त्यांनी गॅसच्या दिव्यांनी उजळून टाकली. मुंबईकरांना हा प्रकाश नवलाचा वाटला. गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांनीही तेथे येऊन तो पाहिला.

पुस्तकांतून मिळणारे ज्ञान पुरे पडेना, म्हणून 1839 च्या सप्टेंबरात ते इंग्लंडला निघाले. तांबड्या समुद्रातून मिसर देशापर्यंत, तेथून खुष्कीने भूमध्य समुद्रापर्यंत आणि पुन्हा समुद्रावरून, असा तो लांबचा प्रवास होता. वाटेत पाहिलेले ते रोजनिशीत टिपून ठेवीत. ही रोजनिशी 1840 साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांच्याच कुळातील जहांगीर नवरोजी व हिरजीभाई मेरवानजी हे दोन तरुण त्या वेळी जहाजबांधणी शिकण्यासाठी इंग्लंडात होते; त्यांनीही आपल्या तेथील वास्तव्यावर पुस्तक लिहिले. लाकूड घडविणाऱ्या हातांना लेखणीही सहज पेलते, हे या घराण्याने दाखवून दिले.

27 मे 1841 रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीने अर्देशिर यांना आपले सदस्य निवडले. विज्ञानाच्या क्षेत्रातील हा मोठा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. यानंतर रामानुजन यांना हा मान मिळाला तो 1918 साली, म्हणजे सत्त्याहत्तर वर्षांनी.

परंतु खरी कसोटी मायदेशीच होती. त्याच वर्षी मुंबईच्या सरकारी वाफयंत्र कारखान्याचे प्रमुख अभियंते म्हणून त्यांची नेमणूक झाली. युरोपीय कारागीर एका हिंदी माणसाच्या हाताखाली आले. हे अनेकांना रुचले नाही. हिंदी मनुष्य कितीही शिकलेला असला, तरी गोऱ्या लोकांवर त्याचा वचक राहील काय, अशी शंका मुंबईच्या एका इंग्रजी वृत्तपत्राने उघडपणे मांडली. त्या पदावर एखादी मोठी चूक झाली असती, तर दोष एका माणसावर न थांबता त्याच्या सगळ्या देशबांधवांवर आला असता. अर्देशिर यांनी सोळा वर्षे तो कारखाना समर्थपणे चालविला. शंकेला याहून चोख उत्तर देता आले नसते.

शिकण्याची त्यांची ओढ वयाबरोबर कमी झाली नाही. 1849 साली ते अमेरिकेस गेले आणि तेथून लाकूड कापण्याची यंत्रे घेऊन आले. 1851 साली त्यांनी ‘लवजी फॅमिली’ नावाची आगबोट पाण्यात सोडली. तिचे भाग त्यांच्या स्वतःच्या ओतशाळेत तयार झाले होते आणि नावात घराण्याच्या मूळ पुरुषाचे स्मरण होते. जुन्याचा मान राखून नवे आपलेसे करावे, ही त्यांची वृत्ती त्या एका नावात दिसून येते.

1857 साली ते मुंबईच्या सेवेतून निवृत्त झाले. 1861 पासून काही काळ त्यांनी कराची येथे सिंधू नदीवरील आगबोटींचे काम पाहिले. पुढे ते इंग्लंडमध्ये रिचमंड येथे राहिले व तेथेच 16 नोव्हेंबर 1877 रोजी त्यांचे देहावसान झाले.

काळ बदलला. पोलादाने सागाची जागा घेतली आणि लाकडी जहाजांच्या बांधणीचे ते वैभव ओसरले. तरीही अर्देशिर यांची स्मृती पुसली गेली नाही. 1969 साली भारत सरकारने त्यांच्या गौरवार्थ टपाल तिकीट काढले. जुन्या वाड्यातील सागवानी खांब जसा गाजावाजा न करता घराचा भार पेलतो, तसेच त्यांचे जीवन होते. जन्मावरून माणसाची योग्यता ठरविणाऱ्या जगाला त्यांनी आपल्या कामातून उत्तर दिले. हातांचे कौशल्य, नव्याची जिज्ञासा आणि मनाचे धैर्य ही तिन्ही एकत्र आली, म्हणजे साध्या सुताराच्या परंपरेतूनही जगाने मान द्यावा असा पुरुष निर्माण होतो.