चिंतामण द्वारकानाथ देशमुख

चिंतामण द्वारकानाथ देशमुख (१४ जानेवारी १८९६, नाते, रायगड जिल्हा – २ ऑक्टोबर १९८२, हैदराबाद) हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व १९५० ते १९५६ या काळात भारताचे अर्थमंत्री होते. नवस्वतंत्र देशाने परकीय साहाय्य घ्यावे, पण कोणत्या अटींवर, हा प्रश्न त्यांच्या कारकिर्दीत सतत उभा राहिला.

१९१२ साली मॅट्रिकला ते मुंबई विद्यापीठात पहिले आले. केंब्रिजला निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेऊन १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेतही त्यांनी पहिला क्रमांक मिळवला.

ब्रेटन वूड्स परिषद

आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक यांचा पाया घालणारी परिषद जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत भरली. भारताच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व ब्रिटिश अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन यांच्याकडे होते; देशमुख, षण्मुखम चेट्टी व ए. डी. श्रॉफ हे त्यातील सदस्य. अविकसित देशांचा विकास हे नाणेनिधीचे एक उद्दिष्ट मानावे, असा आग्रह या सदस्यांनी धरला. युद्धकाळात भारतातून नेलेल्या मालाची किंमत लंडनमध्ये पौंडांत साठत होती. ही रक्कम पुढे सुमारे १,७०० कोटी रुपयांवर गेली. साम्राज्यच आपल्या वसाहतीचे ऋणको झाले होते. या येण्याचा प्रश्नही भारताने मांडला. दोन्ही मागण्या फेटाळल्या गेल्या. तरीही भारत दोन्ही संस्थांचा संस्थापक सदस्य झाला.

अर्थमंत्रिपद

१९५१ च्या अन्नटंचाईत अमेरिकेकडून गव्हासाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज मिळाले, परंतु अमेरिकी काँग्रेसमध्ये त्याची चर्चा कित्येक महिने रेंगाळली. भुकेल्या देशाचे स्थैर्य परक्या विधिमंडळाच्या मतदानावर अवलंबून असणे किती जोखमीचे, हे त्यातून उघड झाले. १९५५ साली जागतिक बँकेच्या पुढाकाराने आयसीआयसीआय ही वित्तसंस्था स्थापन झाली. तिच्यात ब्रिटिश व अमेरिकी भांडवल होते, मात्र बहुतांश भाग भारतीयांकडे राहिले. त्याच वर्षी इंपीरियल बँकेची सरकारी मालकीची स्टेट बँक झाली. परकीय पैसा नाकारायचा नाही आणि किल्ल्याही द्यायच्या नाहीत, असे हे धोरण होते.

मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या निर्णयाविरुद्ध त्यांनी १९५६ मध्ये राजीनामा दिला.

उत्तरकाळ

विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद व दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी भूषवले. संस्कृतचे व्यासंगी असलेल्या देशमुखांनी मेघदूताचा मराठी अनुवादही केला. १९५९ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ठाणे महानगरपालिकेच्या प्रशासकीय सेवा प्रशिक्षण संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले आहे.