पहाटे 4 ला गवंडी-सुतारांची कवायत घेणारा जेम्स ब्रेडवूड, ज्याने अग्निशमन दलाला शिस्त लावली

कसारा लोकलने खर्डी सोडलं की उंबरमाळी येतं. अशा ठिकाणी भर उन्हाळ्यात पेंढ्याने पेट घेतला तर पहिलं कोण धावतं? शेजारी. हंडे, बादल्या, शेतातला पंप, जे हाताला लागेल ते घेऊन. बंब नंतर येतो, कारण त्याला लांबून यायचं असतं.

आता प्रत्येक छोट्या गावात चोवीस तास पगारी जवान बसवणं परवडणारं नाही. आणि नुसत्या गर्दीच्या भरवशावर आग विझत नाही. मग मधला मार्ग काय? थोडे पूर्णवेळ जवान आणि बाकी गावातलेच, पण प्रशिक्षण घेतलेले लोक. जगात अनेक ठिकाणी असं मिश्र दल चालतं. गावच्या कामकरी माणसांना शिस्तीत आगीसमोर उभं कसं करायचं, हे ज्याने दोनशे वर्षांपूर्वी दाखवून दिलं, तो माणूस म्हणजे जेम्स ब्रेडवूड.

ब्रेडवूडचा जन्म 1800 चा, स्कॉटलंडमधल्या एडिनबरोचा. वडील लाकडी फर्निचर बनवायचे. त्यामुळे घर कसं बांधतात, तुळई कुठे टेकते, भिंत कशाच्या आधारावर उभी असते हे त्याला लहानपणापासून माहीत. त्या काळी आग विझवण्याचं काम विमा कंपन्यांचं होतं. प्रत्येकीची वेगळी टोळी, वेगळा रंग. 1824 मध्ये शहराने आणि विमा कंपन्यांनी मिळून एकच दल उभं केलं आणि त्याचा प्रमुख केला 24 वर्षांच्या ब्रेडवूडला.

दल अजून नीट उभंही राहिलं नव्हतं आणि 15 नोव्हेंबर 1824 च्या रात्री एडिनबरोचा जुना भाग पेटला. आग काही दिवस धुमसत राहिली, शेकडो कुटुंबं रस्त्यावर आली. नंतर चौकशी झाली तेव्हा मोठी अडचण समोर आली ती पाण्याची नव्हती, हुकुमाची होती. जो येईल तो अधिकारी आपापले आदेश देत होता आणि कुणाचं ऐकायचं हेच जवानांना कळत नव्हतं. त्यानंतर ठरलं, आगीच्या जागी शब्द चालणार फक्त ब्रेडवूडचा. (आपल्याकडे आग लागल्यावर किती जण एकाच वेळी सूचना देत असतात, ते आठवून बघा.)

त्याने माणसं निवडली ती मात्र बघण्यासारखी. गवंडी, सुतार, लोहार, नळाचं काम करणारे, छपरावर दगडी पाट्या बसवणारे. दिवसा आपापला धंदा करायचा, घंटा झाली की बंबाकडे पळायचं, त्याचे पैसे मिळायचे. छपरावर चालायची सवय असलेल्या माणसाला ते वेगळं शिकवावं लागत नाही, आणि कुठली भिंत कधी कोसळेल हे गवंड्याला आपल्यापेक्षा आधी कळतं. कवायत मात्र पहाटे 4 ला. रस्ते मोकळे, अंधारात काम करायची सवय होते आणि दिवसाची मजुरीही बुडत नाही. लांबून पाण्याचा फवारा मारत बसू नका, आत शिरा आणि आगीच्या मुळावर पाणी टाका, हा त्याचा नियम. स्वतःही तसाच वागायचा. एकदा पेटलेल्या दुकानातून त्याने बंदुकीच्या दारूची पिंपं बाहेर काढली होती. 1830 मध्ये त्याने या सगळ्यावर पुस्तकच लिहिलं.

मग लंडनने त्याला बोलावलं. 1833 मध्ये तिथल्या विमा कंपन्यांनी एकत्र येऊन दल काढलं. 80 जवान, 13 ठाणी, सगळे पूर्णवेळ पगारी. इथे त्याने खलाशी घेतले, कारण त्यांना हुकूम पाळायची आणि रात्री-अपरात्री उंचावर चढायची सवय असते.

पण पगारी दल असूनही गर्दीची गरज संपली नाही. तेव्हाचे बंब हाताने चालायचे. एका बंबाचा दांडा खालीवर करायला वीस-पंचवीस माणसं लागायची, आणि ती रस्त्यावरूनच गोळा करायची. तासाला ठरलेले पैसे आणि सोबत बीअर. बीअर संपली की दांडाही थांबायचा म्हणे. म्हणजे 80 पगारी जवान पुढे आणि त्यांच्यामागे शेकडो शहरवासी, अशीच लंडनची आग विझत होती.

22 जून 1861. थेम्सकाठच्या टूली स्ट्रीटवरची गोदामं पेटली. कापूस, ताग, साखर, चरबी असा माल ठासून भरलेला. वितळलेली चरबी नदीवर जळत वाहू लागली. एवढ्या मोठ्या गोदामांचा धोका ब्रेडवूड आधीपासून सांगत होता. दमलेल्या जवानांना धीर द्यायला तो पुढे गेला आणि त्याच वेळी भिंत कोसळली. वय 60. मृतदेह ढिगाऱ्यातून काढायला काही दिवस लागले, आग पूर्ण विझायला दोन आठवडे. अंत्ययात्रा सुमारे दीड मैल लांब होती. आपल्याकडे त्याच वर्षी 1 जानेवारीला रेल्वे कसाऱ्यापर्यंत पोहोचली होती.

नुकसान इतकं झालं की विमा कंपन्यांनी हात वर केले. 1865 मध्ये कायदा झाला आणि लंडनचं दल सरकारी झालं. मुंबईचं दलही आधी पोलिस कमिशनरच्या हाताखाली अर्धवेळ चालायचं. ते महापालिकेकडे आलं तेव्हा प्रमुख म्हणून लंडनच्या दलातलाच माणूस आणला गेला.

एडिनबरोची जुनी पद्धतही संपलेली नाही. ब्रिटनच्या खेड्यापाड्यात आजही दुकानदार, शेतकरी, मेकॅनिक खिशात पेजर ठेवून काम करतात. पेजर वाजला की काही मिनिटांत ठाण्यावर हजर. ठरावीक मानधन, दर आठवड्याला सराव, आणि बंब त्यांच्याच गावात उभा.