लहानपणी घोड्याने लाथ मारली, मोठेपणी त्यानेच घोडदळ घेऊन शत्रूच्या नाकीनऊ आणले

आठव्या वर्षी घोड्याने तोंडावर लाथ मारली. डोळे जाता जाता वाचले, पण मनात घोड्यांविषयी कायमची अढी बसली. हाच मुलगा पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात घोडदळाचा सेनापती झाला. त्याचं नाव बेंजामिन ग्रिअर्सन.

१८२६ चा जन्म. पेशाने संगीतशिक्षक. मधे व्यापारात पडला, तो बुडाला आणि डोक्यावर कर्ज झालं. १८६१ मध्ये युद्ध पेटलं, तसा तो लिंकनच्या बाजूने सैन्यात गेला. नेमणूक झाली ती नेमकी घोडदळात.

१८६३ मध्ये जनरल ग्रँटला मिसिसिपी नदी ओलांडून व्हिक्सबर्ग घ्यायचं होतं. त्यासाठी शत्रूचं लक्ष दुसरीकडे वळवणं गरजेचं होतं. हे काम ग्रिअर्सनकडे आलं.

१७ एप्रिलला १७०० स्वार घेऊन तो टेनेसीतल्या ला ग्रेंजहून निघाला. वाटेत आजारी सैनिक माघारी पाठवले, मग एक अख्खी रेजिमेंट परत पाठवली. शत्रूला वाटलं, सगळेच परतले. पण ग्रिअर्सन पुढेच जात होता. २४ एप्रिलला त्याच्या स्वारांनी न्यूटन स्टेशनवर दोन मालगाड्या जाळल्या, रूळ उखडले. दक्षिणेचा सेनापती पेम्बर्टन त्याच्यामागे तुकड्या धाडत राहिला, तेवढ्यात ३० एप्रिलला ग्रँटने नदी ओलांडली. १६ दिवसांत ६०० मैल कापून २ मे रोजी ग्रिअर्सन बॅटन रूजला पोहोचला. मोहिमेत त्याची फक्त ३ माणसं मारली गेली. ४ जुलैला व्हिक्सबर्ग पडलं.

बहुतेक जण त्याची गोष्ट इथेच संपवतात. खरी परीक्षा मात्र पुढे होती.

१८६६ मध्ये कृष्णवर्णीय सैनिकांची १०वी कॅव्हलरी उभी राहिली आणि ग्रिअर्सन तिचा कर्नल झाला. फोर्ट लेव्हनवर्थच्या गोऱ्या कमांडरने या सैनिकांना दलदलीत तळ दिला, परेडमध्ये गोऱ्यांपासून लांब उभं राहायला सांगितलं. ग्रिअर्सन त्याच्याशी भांडला. १८८० मध्ये याच सैनिकांनी टेक्सासच्या वाळवंटात पाणवठे आधीच रोखून अपाची नेता व्हिक्टोरिओला मेक्सिकोत परतायला लावलं.

वेस्ट पॉइंटचा शिक्का नाही, त्यात कृष्णवर्णीय सैनिकांची बाजू घेणारा. नियमित सैन्यात ब्रिगेडियर जनरलपद मिळायला १८९० उजाडलं. त्यानंतर काही महिन्यांतच तो निवृत्त झाला. १९११ मध्ये त्याचं निधन झालं.

त्या १६ दिवसांवर बेतलेला जॉन वेनचा सिनेमा १९५९ मध्ये आला. १०व्या कॅव्हलरीसोबतची त्याची वीसहून जास्त वर्षं मात्र त्यात नाहीत.