डॉ. ल्यूसी विल्स : रक्तक्षयावर उपाय शोधणारी विदुषी

आपल्या देशातील शाळांतून मुलामुलींना दर आठवड्यास एक निळी गोळी देण्याचा कार्यक्रम २०१३ च्या सुमारास सुरू झाला. त्या गोळीत लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. लोहाचे नाव सर्वांस परिचित आहे; रक्तास लोह लागते हे खालच्या वर्गातील मूलही सांगेल. परंतु हे फॉलिक आम्ल म्हणजे काय, आणि ते या गोळीत कोठून आले, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. ते 'ब' गटातील एक जीवनसत्त्व होय. आणि त्याचा पहिला माग एका इंग्रज विदुषीने काढला तो लंडनच्या थंडीत नव्हे, तर मुंबईस, परळच्या प्रयोगशाळेत, गिरणगावच्या गरीब स्त्रियांची शुश्रूषा चालली असता. त्या डॉ. ल्यूसी विल्स यांचे चरित्र आम्ही पांढुर्णा व सौंसर येथील आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहराजवळ सटन कोल्डफील्ड म्हणून एक गाव आहे. तेथे १० मे १८८८ रोजी ल्यूसीचा जन्म झाला. घरचा धंदा विळे, कोयते यांसारखी धारेची हत्यारे घडविण्याचा होता, आणि वडील स्वतः विज्ञानाचे पदवीधर होते. आईचे वडील बर्मिंगहॅममधील नावाजलेले डॉक्टर. अशा घरात मुलीच्या शिक्षणास अडथळा येण्याचे कारण नव्हते. चेल्टनहॅमच्या प्रसिद्ध कन्याशाळेतून ती १९०७ साली केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात गेली व वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे विषय घेऊन १९११ साली शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाली. मात्र पदवी तिला मिळाली नाही. स्त्रियांनी परीक्षा द्यावी, उत्तीर्णही व्हावे, परंतु पदवी मागू नये, असा त्या विद्यापीठाचा दंडक होता. तो १९४८ साली मोडला. एवढ्या थोर विद्यापीठास हे शोभले नाही, असेच आम्ही म्हणू.

त्याच १९११ साली वडील वारले आणि १९१३ साली थोरली बहीणही गेली. त्यानंतर ल्यूसी आईबरोबर सिलोनला आणि पुढल्या वर्षी धाकट्या भावाबरोबर दक्षिण आफ्रिकेस गेली. पुढे काय करावे हे मनाशी ठरत नव्हते. इतक्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. भाऊ सैन्यात दाखल झाला आणि बहिणीने केप टाउनच्या रुग्णालयात काही आठवडे परिचारिकेचे काम केले. या थोड्या दिवसांनी तिच्या आयुष्यास दिशा दिली असे दिसते. कारण मायदेशी परतताच जानेवारी १९१५ मध्ये तिने लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात नाव घातले. तेव्हा तिला सत्ताविसावे वर्ष चालू होते. त्या विद्यालयात हिंदुस्थानातून आलेल्या विद्यार्थिनीही असत. पुढे मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा वाहणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड या त्यांपैकीच एक. त्या बेने इस्रायल समाजातील, आणि या समाजाची बोली मराठी. १९२० साली, वयाच्या ३२ व्या वर्षी, ल्यूसी विल्स डॉक्टर झाल्या. दवाखाना थाटण्याकडे त्यांचा कल नव्हता. रॉयल फ्री रुग्णालयात गर्भवती स्त्रियांच्या विकारांचे संशोधन व अध्यापन त्यांनी पत्करले.

येथून त्यांच्या आयुष्यातील मुख्य भागाकडे आपण वळू. त्या काळी हिंदुस्थानात बाळंतपणात दगावणाऱ्या मातांची संख्या फार मोठी होती, आणि त्यामागील कारणांची चौकशी मुंबईच्या हाफकिन संस्थेत सुरू झाली होती. या कामी डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी विल्सबाईंना बोलावून घेतले. १९२८ साली त्या मुंबईस आल्या आणि १९३३ पर्यंत, मधले काही उन्हाळे सोडल्यास, येथेच राहिल्या.

हाफकिन संस्था परळला, गिरणगावात आहे. नागपूर-वऱ्हाडाकडील कापसाच्या गाठी ज्या गिरण्यांत जाऊन पडत, त्या गिरण्यांच्या धुराड्यांचा हा परिसर. तेथे सूत गुंडाळण्याच्या खात्यांतून हजारो स्त्रिया काम करीत. गर्भारपणी त्यांच्यापैकी कित्येकींची अवस्था मोठी दारुण होई. चेहरा पांढराफटक पडे, पायांवर सूज येई, चार पायऱ्या चढल्या की धाप लागे, अन्नावरची वासना उडे. घरची माणसे म्हणत, हिच्या अंगात रक्तच उरले नाही. आणि ते अक्षरशः खरे असे. अनेकींना हा थकवा मृत्यूच्या दारापर्यंत नेई.

सूक्ष्मदर्शकाखाली या रुग्णांचे रक्त पाहिले असता एक चमत्कारिक गोष्ट दिसे. तांबड्या पेशी संख्येने थोड्या, परंतु आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. लोह कमी पडले तर पेशी लहान व फिकट होतात. येथे उलट प्रकार होता. अशा मोठ्या पेशींचा एक रोग युरोप-अमेरिकेत माहीत होता. त्याला घातक रक्तक्षय म्हणत. तो पूर्वी असाध्य मानला जाई. परंतु १९२६ साली अमेरिकेत मायनॉट व मर्फी यांनी रुग्णांस रोज भरपूर यकृत खावयास घालून तो आटोक्यात आणला होता. मुंबईचा रोगही तोच असावा, असा साहजिकच तर्क होता. विल्सबाईंनी मात्र घाई केली नाही. घातक रक्तक्षयाच्या रुग्णाच्या जठरात आम्ल तयार होत नाही, हे ठाऊक होते. मुंबईच्या या स्त्रियांच्या जठरात ते होत होते. तेव्हा रक्त सारखे दिसले तरी रोग निराळा, हे त्यांनी ओळखले.

मग त्यांनी चुलीकडे मोर्चा वळविला. कोणत्या घरात काय शिजते, कोण किती दूध, भाजी, फळे खाते, याची त्यांनी मुंबईतील निरनिराळ्या थरांतील स्त्रियांमध्ये तपासणी केली. ज्यांचे अन्न सर्वांत निकृष्ट, त्यांच्यातच हा रोग सर्वांत अधिक आढळला. गरीब मुसलमान स्त्रिया त्यात अग्रभागी होत्या. रोगाचे मूळ ताटात असावे असा संशय आता बळावला. १९२९ च्या उन्हाळ्यात त्या निलगिरीतील कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत गेल्या व तेथे पांढऱ्या उंदरांना त्यांनी या गरीब स्त्रियांसारखाच आहार दिला. उंदीर रक्तहीन झाले, गाभण माद्या पिले होण्यापूर्वीच मेल्या. अन्नात यीस्ट, म्हणजे पाव फुगविण्यास वापरतात ते किण्व, मिसळले की हा रक्तक्षय टळे. उवांच्या उपद्रवामुळे उंदरांवरील निष्कर्षांबद्दल शंका उरली, म्हणून पुढे तोच प्रयोग माकडांवर करून पाहण्यात आला.

मुंबईस परतून त्यांनी रुग्णांस यीस्टचा अर्क देण्यास प्रारंभ केला. महाग औषध गिरणीतील बाईस परवडणारे नव्हते. सर्वांत स्वस्त अर्क म्हणजे मार्माइट. बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टपासून १९०२ पासून इंग्लंडात बनविला जाणारा हा काळा, चिकट, खारट पदार्थ. इंग्रज लोक तो पावास लावून खातात. चव मोठी उग्र असते म्हणतात. परंतु या खारट काळ्या चाटणाने गुण दाखविला. थोड्याच दिवसांत रुग्णांस भूक लागू लागली, रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या, अंथरुणास खिळलेल्या बाया उठून बसल्या. १९३१ साली हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले.

यापुढील शोध आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. यकृताचा कच्चा अर्क दिला तर मुंबईचे रुग्ण बरे होत. परंतु तोच अर्क अधिकाधिक शुद्ध करून दिला, तर घातक रक्तक्षयाचे रुग्ण बरे होत आणि या स्त्रियांना मात्र काहीही उतार पडत नसे. याचा अर्थ एकच. शुद्ध करताना यकृतातील दुसरा कोणता तरी पदार्थ टाकून दिला जात होता, आणि या स्त्रियांच्या शरीरास नेमका तोच हवा होता. या अनामिक पदार्थास काही वर्षे शास्त्रज्ञ विल्स घटक म्हणत. या कामासाठी त्या १९३७ च्या अखेरीस पुन्हा दहा आठवडे हाफकिनमध्ये येऊन गेल्या. त्या वेळी कराचीपर्यंतचा प्रवास त्यांनी प्रथमच विमानाने केला.

पुढची कथा अनेक हातांची आहे. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांच्या प्रचंड राशीतून एक आम्ल वेगळे काढण्यात आले, आणि लॅटिनमधील पान या अर्थाच्या शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल असे नाव पडले. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या विल्सबाईंना हे नाव आवडले असेल, असे आमच्या मनात येते. १९४५ साली लेडर्ले प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार झाले. तेथील संशोधनाचे प्रमुख आंध्रातील भीमावरमचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. घातक रक्तक्षय बरा करणारा तो दुसरा पदार्थ १९४८ साली हाती आला, तो ब-१२. अस्थींच्या मगजात रक्तपेशींचे विभाजन होण्यास ही दोन्ही जीवनसत्त्वे लागतात. ती नसली तर पेशी वाढते, पण दुभागत नाही. म्हणून मोठ्या व थोड्या पेशी. गर्भवतीस पोटातील बाळासाठीही फॉलिक आम्ल लागते, म्हणून तिचा साठा सर्वांत आधी संपतो.

या दोन जीवनसत्त्वांतील भेद आपल्या घरांतही कामाचा आहे. अंगात त्राण नाही असे वाटले की शक्तीचे लाल इंजेक्शन द्या, असा आग्रह डॉक्टरांपाशी धरणारी पुष्कळ मंडळी आढळतात. ते लाल इंजेक्शन बहुधा ब-१२ चे असते. ब-१२ दूध, दही, अंडी, मांस यांतूनच मिळते. ज्याला ते खरोखरच कमी आहे त्याला त्या सुईने नवजीवन मिळते, आणि ज्याला कमी नाही त्याची शक्ती तिने वाढत नाही. थकवा लोहाच्या अभावानेही येतो, क्षयानेही येतो. शिवाय ब-१२ कमी असलेल्या माणसास नुसते फॉलिक आम्ल दिले, तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, परंतु हातापायांस मुंग्या आणणारी मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. यासाठी आधी रक्त तपासावे. सिकलसेलच्या रुग्णांचे तर आणखी निराळे. हा आनुवंशिक रोग मध्य प्रदेशात व विदर्भात पुष्कळ आढळतो, आणि त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातील शहडोल येथून सुरू झाली. त्यात तांबड्या पेशी लवकर फुटतात व मगजास सतत नव्या पेशी घडवाव्या लागतात. म्हणून त्या रुग्णांस फॉलिक आम्ल देतात. त्याने रोग जात नाही, मगजाची सामग्री तेवढी पुरी पडते. तूर, हरभरा, चवळी, मेथी, पालक यांत फॉलिक आम्ल विपुल असते, आपल्या बागांतील संत्र्यातही असते. फार वेळ शिजवून पाणी फेकून दिल्यास मात्र ते बरेचसे वाया जाते.

विल्सबाई दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या रुग्णालयांत राबल्या, रॉयल फ्रीमधील रक्तविज्ञानाचा विभाग त्यांनी उभा केला आणि १९४७ साली त्या निवृत्त झाल्या. निवृत्ती नावापुरतीच. जमेका, फिजी, दक्षिण आफ्रिका येथे जाऊन त्या गरिबांचे अन्न व रक्त तपासीतच राहिल्या. त्यांनी विवाह केला नाही. डोंगर चढणे, बर्फावरून घसरत जाणे, सायकलीवरून भटकणे यांची त्यांना हौस होती. आयुष्याच्या अखेरच्या दहा वर्षांत त्या लंडनमधील चेल्सी येथे मजूर पक्षातर्फे निवडून आलेल्या नगरसेविकाही होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या ७५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

१९९१ साली अनेक देशांतील स्त्रियांवर घेतलेल्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आधीचे मूल पाठीच्या कण्यातील किंवा मेंदूतील जन्मजात व्यंगाचे झाले होते अशा मातांना पुढील गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल दिले, तेव्हा तसे व्यंग पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. गर्भ राहण्यापूर्वीपासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घ्यावे, असा सल्ला आता स्त्रियांना दिला जातो.